मानद कक्षातली एकुलती खुर्ची

नागपूर,
एप्रिल अर्धा सरला, ऊन मात्र पुरं आलं

तीर्थस्वरूप माईंना वंदनाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण हल्ली एकदा वाकले की उठवायला माणूस लागतं. तेव्हा उभ्या उभ्याच गोड मानून घ्यावा.) नानांचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध देत असालच. सूनबाईंना आशीर्वाद, आणि अमरावतीत यंदा नळाचं काय म्हणणं आहे तेही कळवावं. आम्ही इथे तुमच्या आशीर्वादाने सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर फेब्रुवारीपासून मी एका धक्क्यातून सावरते न सावरते तोच दुसरा बसतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटता आणि मग नणंद-भावजयीचं बोलणं अख्ख्या आळीला कळतं. शिवाय या हकिकतीत तुमचे धाकटे बंधू आहेत, आणि ते या क्षणी पलीकडच्या खोलीत सदऱ्याला इस्त्री करत आहेत. (होय, स्वतः. लग्नानंतर पहिल्यांदाच.)

तुम्हाला ठाऊक आहे, दोन वर्षांपूर्वी मी आमच्या संस्थेच्या महिला महाविद्यालयातून मानसशास्त्राची प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळे रडले, मीही रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन जेवणाच्या टेबलाशी जी बसले ती स्वयंपाकाची बाई येईपर्यंत. पुढे सवय झाली. म्हणजे मी लोकांना तसं सांगत असे. तर या फेब्रुवारीत संस्थेच्या वर्धापनदिनी मला शाल-श्रीफळ देऊन 'मानद प्राध्यापक' केलं. पगार नाही, तास नाहीत, हजेरी नाही, नुसता मान. मुदत दोन वर्षं. बसायला संस्थेच्या जुन्या कॉलेजात एक खोली आणि दारावर नाव. इंग्रजीत या पदाला 'प्रोफेसर एमेरिटस' म्हणतात. शेजारच्या प्रेमानंदभाऊंना मी मोठ्या हौसेने तसं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. "कधीपासून आहे, वहिनी? गुडघ्यातच आहे की खांद्यातही?" त्यांना तो आर्थरायटिसचा चुलतभाऊ वाटला. संध्याकाळी त्यांच्याकडून निर्गुडीच्या तेलाची बाटली आली. (तेल चांगलं आहे. तुम्हाला हवं असेल तर पाठवते.)

पण खरा धक्का घरातूनच बसला. तुमच्या बंधूंनी मानपत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आमच्या खापरखेड्याला बॉयलर म्हातारा झाला की भंगारात काढत होते. मानद बॉयलर म्हणून कोपऱ्यात नाही ठेवला कोणी." त्यांची अख्खी नोकरी त्या वीज केंद्रात गेली, म्हणून प्रत्येक गोष्टीत बॉयलर येतोच हे मला मान्य आहे. पण स्वतःच्या बायकोला? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तू बोलत नाहीयेस का? म्हणजे दोन दिवस त्यांना कळलंच नव्हतं.

असो. एक मार्चला मी कॉलेजात गेले. नवी कोसा साडी, हातात नवी डायरी. दारावर पाटी होती, 'मानद प्राध्यापक कक्ष', आणि खाली ताज्या रंगात माझं नाव. मी क्षणभर थांबून ते पाहून घेतलं (तुम्हीही थांबला असतात) आणि दार ढकललं. आत एक टेबल, एक पंखा, एक बंद कूलर आणि एक खुर्ची. आणि खुर्चीत, माई, एक गृहस्थ! ऐंशीच्या वरचे, पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, टेबलावर पितळी डबा, आणि हातात माझ्या जन्माआधीचं वाटेल असं पुस्तक. मी उभी. त्यांनी पान पूर्ण वाचलं, खूण घातली, वर पाहिलं आणि म्हणाले, "या. प्रबंध कुठवर आला?"

मी बासष्ट वर्षांची बाई आहे. माझ्या हाताखाली मुलींनी डॉक्टरेट घेतल्या, त्यांच्या मुली आता कॉलेजात आहेत. पण त्या आवाजात असं काही होतं की माझ्या तोंडून निघालं, "सर, अजून सुरुवात नाही." ते म्हणाले, ठीक आहे, घाई नको, आधी अनुमानावरचं हे प्रकरण वाचा आणि गुरुवारी सार लिहून आणा. आणि मी (हे कुणाला सांगू नका) नवी डायरी उघडून उभ्या उभ्या टिपून घेतलं. बाहेर आले तर शिपाई नत्थू म्हणतो, "काहून जी मॅडम, इतक्या लवकर चालल्या? सरांनी अभ्यास देल्ला का?" घरी येऊन सांगितलं तर तुमचे बंधू इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी मलाच द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांना गाठलं. विभागप्रमुख म्हणजे आमची मिनल, एके काळची माझीच विद्यार्थिनी. ती मला पाहून आधी लाजली आणि मग म्हणाली, "मॅडम, तेवढं सांगायचं राहूनच गेलं." तर हे गृहस्थ म्हणजे दत्तोपंत. तर्कशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या काळी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हा एकच विभाग होता. पुढे वाटण्या झाल्या, मानसशास्त्राला मुली मिळाल्या, आणि तत्त्वज्ञान विद्यार्थ्यांअभावी बंद पडलं. दत्तोपंतांनाही निवृत्तीनंतर मानद केलं होतं, दोनच वर्षांसाठी. ती मुदत संपून आता दीड तप उलटून गेलं आहे. विभाग राहिला नाही, मुदत राहिली नाही, दत्तोपंत राहिले. रोज अकराला येतात, दोनला डबा उघडतात, चारला जातात. मला वाटलं मी नीट ऐकत नाहीये. मी म्हटलं, मग कुणी सांगितलं नाही त्यांना? मिनल म्हणाली, सांगितलं ना. एक प्राचार्य सांगायला गेले ते तासाभराने हेत्वाभासांचे, म्हणजे फसव्या युक्तिवादांचे, प्रकार शिकून बाहेर आले. दुसऱ्यांनी लेखी सूचना पाठवली, तर ती शुद्धलेखन तपासून परत आली. तिसऱ्यांनी कुलूप बदललं. दत्तोपंत शांतपणे पायरीवर बसून वाचत राहिले. विद्यार्थी संघटनेला वाटलं सरांचं उपोषण आहे, त्यांनी फलक आणला, घोषणा दिल्या, दुपारपर्यंत पेपरवाले आले, आणि प्राचार्यांनी स्वतःच्या हातांनी कुलूप उघडलं. "तेव्हापासून मॅडम, कोणी बोलत नाही." आणि आता पंधरवड्यात तपासणी समिती येणार, कागदोपत्री मानद प्राध्यापक एकच, खोलीत माणसं दोन आणि खुर्ची एक. ती पुढे म्हणाली, "तुम्ही मानसशास्त्राच्या आहात. तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा ना."

म्हणजे माई, मला शाल का मिळाली ते मला त्या दिवशी कळलं.

मी मनाची तयारी करायला आठवडा घेतला. (तेवढ्यात अनुमानाचं प्रकरणही वाचून झालं. सार लिहिलं. त्यांनी लाल शाईने 'विचार बरा, अक्षर घाईचं' असा शेरा दिला. माझं अक्षर!) मग ठरवलेल्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन निघाले. ऊन इतकं की तुमच्या बंधूंनी स्कूटरवर सोडलं आणि बाहेर होरपळण्यापेक्षा म्हणून आत येऊन खिडकीच्या कट्ट्यावर पेपर उघडून बसले. मी म्हटलं बसू द्या, मला आधारच होईल. मी लाडू पुढे केले आणि शिकवलेलं सगळं आठवून हळूच सुरुवात केली, की सर, प्रत्येकाच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो, जेव्हा हातातलं काम सोडण्यात कमीपणा नसतो. दत्तोपंतांनी पुस्तक मिटलं. त्यांचे डोळे एकदम मऊ झाले. ते म्हणाले, "सोडू नका. वयाचं मनावर घेऊ नका. तुम्हाला जमेल. तुम्हाला मनापासून कोणत्या विषयावर काम करायचं होतं, ते सांगा."

 दोन वर्षांत लोकांनी मला नातवंडं, गुडघे, चारधाम सगळं विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी समजावायला गेलेली बाई, मीच पदर डोळ्यांना लावून बसले. (बसले म्हणजे उभीच होते.) मी म्हटलं, सर, मला विसरण्यावर काम करायचं होतं. माणसं काय विसरतात यावर नाही, काय मुद्दाम विसरल्यासारखं करतात यावर. ते म्हणाले, "वा." एवढंच, पण फार दिवसांनी कुणी मला वा म्हणालं. आणि मग मला वाटलं, या माणसाशी आता खोटं बोलायचं नाही. मी एका दमात सांगून टाकलं, "सर, मी विद्यार्थिनी नाही. दारावरचं नाव माझं आहे. तुमची मुदत कधीच संपली आहे, आणि तुम्हाला ते सांगायला मला पाठवलंय."

 तुमच्या बंधूंनी पेपर तोंडापुढे धरला, उलटा. दत्तोपंतांनी लाडूचा एक तुकडा मोडला आणि म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चारही गोष्टी. पाटी मला वाचता येते. पहिल्या दिवशीच ओळखलं."

मी म्हटलं, मग प्रबंधाचं का विचारलंत? तर हा मनुष्य शांतपणे म्हणतो, "तुम्ही उभ्या होतात. खुर्ची एक. तुम्हाला सहकारी मानलं असतं तर मला उठावं लागलं असतं. विद्यार्थिनी मानलं, प्रश्न मिटला." माई, मी हादरले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतक्या सभ्यपणे मला कुणी फसवलं नव्हतं. आणि मुदतीचं? मुदतीवर ते म्हणाले, मुदत संपली हे विधान सत्य आहे, पण दत्तोपंतांनी घरी जावं हा निष्कर्ष त्यातून निघत नाही; मधलं एक विधान गळालेलं आहे, ते कोणी आणून दिलं तर ते ताबडतोब उठतील. इतक्या प्राचार्यांपैकी कोणाला ते सापडलेलं नाही.

मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "घरी सगळे छान आहेत हो. मुलगा छान, सून त्याहून छान. पण तिथे मी आजोबा आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं आजोबा असणं फार अवघड काम आहे. इथे पाच तास मी दत्तोपंत असतो." कट्ट्यावरचा पेपर खाली आला. तुमचे बंधू त्यांच्याकडे असे बघत होते, की तसं बघताना मी त्यांना फक्त एकदाच पाहिलं होतं, खापरखेड्याहून शेवटच्या दिवशी घरी आले आणि टिफिन धुवायला टाकायचा की नाही ते त्यांना समजेना तेव्हा. ते उठले, कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेले आणि म्हणाले, "हा का बंद पडला आहे?"

मी मिनलला जाऊन सांगितलं की माझ्याने होणार नाही. ती म्हणाली, मॅडम, तुम्हीसुद्धा? पण तिचा चेहरा सुटल्यासारखा दिसला. तिलाही नकोच होतं ते.

आता समितीचा दिवस. हे मी लिहू नये, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. समितीत दोघं होती, बाहेरगावची. अध्यक्ष एक गंभीर गृहस्थ आणि एक बाई, फार शिस्तीच्या. मिनलने ठरवलं होतं की त्यांना मानद कक्षाच्या बाजूला फिरकूच द्यायचं नाही. पण कक्षातून धूर यायला लागला, त्याला कोण काय करणार? तुमचे बंधू सकाळपासून कूलर उघडून बसले होते. मोटर फिरली, खोलीत गार वारा आला, दत्तोपंतांनी डोळे मिटून "आहा" म्हटलं, आणि मोटरमधून भसकन धूर. समितीची बाई ओरडली, "आग! आग!" नत्थू बादली घेऊन धावला. अध्यक्ष, बाई, प्राचार्य, मिनल सगळे दारात. आणि आत दत्तोपंत, खुर्चीतून तसूभर न हलता, बोट उचलून म्हणाले, "थांबा. धूर दिसला म्हणून आग आहे, असा आपण निष्कर्ष काढलात. यांना विचारू या. श्रीधरराव, आग आहे?"

तुमचे बंधू पेचकस हातात धरून म्हणाले, "आग कुठली? मोटरची गुंडाळी तापून राहिली आहे. बटन बंद केलं, झालं."

"पाहा," दत्तोपंत समितीच्या बाईंकडे वळून म्हणाले, "धूर आहे, अग्नी नाही. म्हणजे इथे व्यभिचार आहे."

 बाईंनी आधी तुमच्या बंधूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या विस्कटलेल्या केसांकडे. (पंख्याने विस्कटले होते.) प्राचार्यांनी भिंतीचा आधार घेतला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी घाईघाईने म्हटलं, "मॅडम, न्यायशास्त्रातली संज्ञा आहे! कारण दिसतं पण त्यामागे गृहीत धरलेली गोष्ट नसते, त्याला व्यभिचार म्हणतात! गेल्याच आठवड्यात वाचलंय मी!" दत्तोपंतांनी मान डोलावली आणि म्हणाले, "विद्यार्थिनी तयार आहे." आणि पुढचा अर्धा तास, माई, त्या समितीला उभं ठेवून त्यांनी धूर, कूलर आणि अनुमान असं काही शिकवलं की अध्यक्ष खिशातून कागद काढून लिहून घेऊ लागले. मध्येच मोटर का तापते ते तुमच्या बंधूंनी सांगितलं, आणि धूर पाहून माणूस आधी ओरडतो आणि मग विचार करतो, ते का, हे मी सांगितलं. मला सुचत गेलं. किती दिवसांनी सुचलं.

निघताना अध्यक्षांनी पेचकसाकडे पाहून तुमच्या बंधूंना विचारलं, "आणि आपण?" बंधू तोंड उघडणार तोच दत्तोपंत म्हणाले, "हेही मानद." आणि तुमचे बंधू, ज्यांनी मला बॉयलर ऐकवला होता, त्यांनी मान झुकवून नमस्कार केला!

अहवाल आला आहे. त्यात लिहिलंय की या महाविद्यालयात 'तीन मानद प्राध्यापक तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि अभियांत्रिकी यांचा संगम साधणारा उपक्रम नियमितपणे राबवतात', आणि असा उपक्रम इतरांनीही राबवावा. नियमितपणे! आता अहवालात आलं म्हटल्यावर कोणाला हलवायची सोय नाही. प्राचार्यांनी तिघांचीही नावं पाटीवर रंगवली. तुमच्या बंधूंच्या नावामागे 'प्रा.' लागलं आहे, मी पुसायला सांगितलं, तर नत्थू म्हणाला, "ऑइलपेंट हाय जी, निघत नाही." ज्या माणसाने जन्मात वर्गात पाऊल टाकलं नाही तो रोज माझ्याआधी तयार होऊन स्कूटर काढून उभा असतो. मुली त्यांना 'सर' म्हणतात. ते वळून बघतात सुद्धा. मी अजून हादरलेलीच आहे, माई. मानद पद म्हणजे नेमकं काय, ते मला शाल घेताना कळलं नव्हतं, मानपत्र वाचून कळलं नाही, आणि आता विचारायचीही सोय राहिलेली नाही, कारण विचारलं की दत्तोपंत सार लिहायला सांगतात.

नानांना नमस्कार. उन्हात बाहेर पडू नका.

तुमची,
वंदना

ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच. तुमच्या मागच्या गॅलरीत नानांची जुनी हाताची खुर्ची पडून आहे ना, जिच्यावर तुम्ही हल्ली कुरड्या वाळवता? ती नागपूरला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवून द्या. समिती गेल्यावर कॉलेजने मोठ्या मनाने कक्षात एक खुर्ची वाढवली, पण आम्ही तिघं आहोत. खुर्ची भावासाठी आहे असं समजून पाठवलीत तरी चालेल.

ता. क. दुसरा. खोटं कशाला लिहू? तुमच्या भावाला खुर्ची मिळाली आहे. उभी मी आहे.